सापडलेलं चित्रण, लष्करातला वाडा आणि दोन लाख रुपये

ग्वाल्हेरच्या लष्कर भागातल्या चौघांनी विचारलं आहे: हाताशी दोन लाख रुपये आहेत, एकीच्या आजोळचा बंद वाडा आहे, दोन बरे फोन आहेत आणि मराठीत सत्तर-पंचाहत्तर मिनिटांचा फाउंड फुटेज भयपट करायचा आहे, म्हणजे पात्रांनीच केलेलं आणि मागाहून सापडलेलं चित्रण असावं असा. कॅमेरा कुठला घ्यावा? व्हीएफएक्सशिवाय, म्हणजे संगणकावरच्या करामतींशिवाय, घाबरवायचं कसं? किल्ल्यावर एखादा प्रसंग घेता येईल का? आणि सुरुवातीला ‘सत्य घटनेवर आधारित’ असं लिहावं का?

मी चित्रपटांचं ध्वनिमुद्रण आणि साउंड डिझाइन करतो, आणि लष्करातच वाढलो. त्यामुळे उत्तर लांबेल आणि आवाजाकडे जास्त झुकेल.

कॅमेरा घेऊ नका. तुमच्या पात्राच्या खिशात जो फोन असेल तोच तुमचा कॅमेरा. या प्रकारात चित्र जितकं देखणं तितका प्रेक्षक सावध होतो. हे कोणीतरी मुद्दाम लावलेलं आहे, प्रकाश मोजून टाकलेला आहे, हे त्याला जाणवतं आणि भीती तिथेच संपते. पण म्हणून हा प्रकार सोपा आहे असं समजू नका. नेहमीच्या भयपटात कॅमेरा कुठेही जाऊ शकतो, कपाटाच्या आतून बघू शकतो, मेलेल्या माणसाच्या डोळ्यांतून बघू शकतो. इथे प्रत्येक शॉटला कथेतलंच कारण लागतं. चित्रण कोण करतंय? जीव मुठीत आला तरी ते बंद का करत नाही? आणि मागाहून हे सगळं कोणी जोडून आपल्यापुढे ठेवलं? पटकथेची पहिली ओळ लिहायच्या आधी ही तीन उत्तरं तुमच्याकडे हवीत. बहुतेक चित्रपट दुसऱ्या प्रश्नावर पडतात. माणूस जिवाच्या आकांताने पळतोय आणि फोन मात्र नीट समोर धरलेला आहे, हे दिसलं की प्रेक्षक मनातल्या मनात ‘अरे, टाक तो फोन’ म्हणतो. त्यानंतर तो पुन्हा घाबरत नाही.

‘द ब्लेअर विच प्रोजेक्ट’ या 1999 साली आलेल्या चित्रपटाचं नाव तुम्ही घेतलंच आहे. ‘आठ दिवसांत शूट, नगण्य बजेट’ एवढंच त्याच्याबद्दल सांगितलं जातं. त्यातलं खरं शिकण्यासारखं वेगळं आहे. तिघं विद्यार्थी माहितीपट करायला निघाले आहेत, म्हणून कॅमेरे आहेत. एक रंगीत व्हिडिओ, एक कृष्णधवल 16 मिमी फिल्मचा. म्हणजे दोन प्रकारचे डोळे, आणि दोन्हींना कारण आहे. जंगलात वाट चुकल्यावरही मुलगी चित्रण थांबवत नाही, कारण कॅमेऱ्यातून पाहिलं की समोरचं जरा कमी खरं वाटतं. हे चित्रपटातच एक पात्र तिला बोलून दाखवतं. ती एक जागा साऱ्या चित्रपटाला आधार देते. कलाकारांनीच कॅमेरे चालवले, रोज प्रत्येकाला वेगळी चिठ्ठी मिळायची, दुसऱ्याच्या चिठ्ठीत काय आहे हे त्याला ठाऊक नसायचं. आणि चित्रण झालं साधारण वीस तासांचं, पडद्यावर आली 81 मिनिटं. म्हणजे स्वस्त होतं ते शूटिंग. एडिटला महिन्यांचं आयुष्य गेलं. तुम्ही वेळापत्रकात शूटिंगचे दिवस लिहिले आहेत, एडिटचे लिहिलेच नाहीत. ते आधी लिहा.

आता तुमच्या कथेकडे येतो. ‘यूट्यूबवर चॅनल चालवणारी मुलं भुताच्या वाड्यात रात्र काढतात’ असं तुम्ही लिहिलं आहे. हे सोडा, अशी माझी मनापासून विनंती आहे. ती मुलं भीती शोधायलाच निघालेली असतात, म्हणून ती घाबरली तरी प्रेक्षकाला काही वाटत नाही. तुमच्या हातात याहून फार मोलाची गोष्ट आहे आणि ती तुमच्याच पत्रात एका वाक्यात येऊन गेली आहे: वाड्याचा वाटणीचा दावा चालू आहे.

लष्करातल्या किती मराठी घरांत हे चालू आहे, तुम्हाला सांगायला नको. दौलतराव शिंद्यांनी 1810 साली इथे तळ दिला, त्या छावणीचं शहर झालं, सरदार-शिलेदारांचे, कारकुनांचे, भटजींचे वाडे उभे राहिले. आज एका वाड्याला पुण्यापासून इंदूरपर्यंत पसरलेले हिस्सेदार आहेत. अशा दाव्यात जागेची पाहणी करून अहवाल द्यायला न्यायालय दिवाणी प्रक्रिया संहितेच्या आदेश 26, नियम 9 खाली कमिशनर नेमू शकतं. समजा, अशी पाहणी आहे. एका बाजूच्या वकिलांनी अट घातली की चित्रण अखंड हवं, मध्ये तोड नको, नाहीतर मान्य करणार नाही. दोन चुलत भावंडं एकमेकांवर लक्ष ठेवायला आपापले फोन घेऊन सोबत आहेत. आता बघा, तिन्ही प्रश्न सुटले. चित्रण कोण करतंय, हे कळलं. बंद का करत नाहीत? बंद केलं तर हिस्सा जाईल. कोणी जोडलं? ते पुराव्यात दाखल झालं आहे. भारतीय साक्ष्य अधिनियम 2023 च्या कलम 63 प्रमाणे इलेक्ट्रॉनिक पुराव्यासोबत प्रमाणपत्र लागतं आणि त्यात फाइलचं हॅश मूल्यही (त्या फाइलचा जणू डिजिटल अंगठ्याचा ठसा) द्यावं लागतं. चित्रपटाची सुरुवात त्या प्रमाणपत्राने करा: फाइलचं नाव, उपकरण, तारीख, आकड्या-अक्षरांची लांबलचक ओळ. एकही भीतीदायक शब्द नको. प्रेक्षक गुपचूप बसेल.

शिवाय लोभ आला. भीती वाटतेय तरी माजघराच्या पलीकडची बंद खोली उघडायचीच आहे, कारण तिथे आजीचा पेटारा आहे आणि दुसऱ्या भावाने तो आधी पाहिला तर? असं कारण तुम्हाला कुठल्याही भुतापेक्षा जास्त कामाला येईल.

भुताचं म्हणाल तर मराठीत काय कमी आहेत? मुंजा, ब्रह्मसमंध, हडळ, जखीण, आसरा. पण यातलं प्रत्येक दाखवावं लागतं, आणि दाखवायला पैसे लागतात. दोन लाखांत दाखवलेली हडळ प्रेक्षकांना हसवेल. मी तुमच्या जागी असतो तर चकवा घेतला असता. चकव्याला रूप नाही. तो फक्त वाट विसरायला लावतो. माणूस चालतो आणि पुन्हा तिथेच येतो. ही गोष्ट फाउंड फुटेजसाठीच जन्माला आल्यासारखी आहे, कारण अखंड चालणारा कॅमेरा साक्षीदार आहे. कॅमेरा न थांबता जिना चढतो, सज्जातून जातो, देवघराच्या कोनाड्यातली समई दिसते. पुन्हा जिना चढतो, सज्जा, तीच समई. यात कट कुठेच दिसत नाही. (कट अर्थातच असेल, पूर्ण काळोख्या बोळातून जाताना. तेवढा एक कट नीट जमवायला दिवस गेला तरी चालेल.) तिसऱ्या वेळी समईत तेल कमी झालेलं दाखवा आणि फोनच्या पडद्यावरचं घड्याळ मात्र चारच मिनिटं पुढे गेलेलं. व्हीएफएक्सचा खर्च शून्य.

त्याच धर्तीवर एक दुसरी युक्ती देतो. हल्ली घरोघरी वायफायचे छोटे कॅमेरे लावतात. बहुतेकांत हालचाल जाणवली तरच रेकॉर्डिंग सुरू होण्याची सोय असते. म्हणजे क्लिप सुरू होते ती काहीतरी हलल्यानंतर. वाड्याच्या दिंडीवर असा कॅमेरा आहे आणि रात्रीच्या क्लिपांत एक क्लिप अशी आहे की तिच्यात काहीच नाही. रिकामा चौक, तीस सेकंद. मग तो सुरू कशामुळे झाला? ‘पॅरानॉर्मल अ‍ॅक्टिव्हिटी’ हा 2007 चा चित्रपट ओरेन पेली यांनी सॅन डिएगोतल्या स्वतःच्या घरात सुमारे 15 हजार डॉलरमध्ये केला, आणि त्याचा सगळा जोर तिपाईवर ठेवलेल्या स्थिर कॅमेऱ्यावर होता. हलणारा कॅमेरा प्रेक्षकाला सांगतो, इकडे बघ. स्थिर चौकटीत त्याला स्वतः शोधावं लागतं. दार, पडदा, कोपरा, पुन्हा दार. तुमच्या चित्रपटात धावपळीची जितकी मिनिटं असतील तितकीच या स्थिर चौकटींची ठेवा.

आता आवाज. तुमच्या अंदाजपत्रकात त्याला पाच हजार रुपये आहेत, आणि तिथेच मला सर्वांत जास्त बोलायचं आहे.

अंधारात डोळ्यांना काही मिळत नाही, तेव्हा सगळं काम कान करतात. वाईट चित्र या प्रकारात खपतं, कधीकधी शोभतंही. वाईट आवाज खपत नाही. संवाद कळला नाही की प्रेक्षक उठतो. आणि तरीही आवाज स्टुडिओतल्यासारखा स्वच्छ असून चालत नाही, कारण तो फोनमधून आल्यासारखाच वाटला पाहिजे. म्हणून दोन्ही घ्या. प्रत्येक कलाकाराला कपड्याच्या आत कॉलर माइक लावा, त्याचं वेगळं रेकॉर्डिंग करा (48 किलोहर्ट्‌झ, 24 बिट, 32 बिट फ्लोटवाला छोटा रेकॉर्डर भाड्याने मिळाला तर उत्तम, कुजबुज आणि किंकाळी दोन्ही त्यात शाबूत राहतात). आणि फोनचा स्वतःचा आवाजही जपून ठेवा. मिक्समध्ये, म्हणजे सगळे आवाज एकत्र बसवताना, आधार फोनच्या आवाजाचा, आणि शब्द हरवतील तिथे कॉलर माइक हळूच खालून आत आणायचा.

फोनच्या आवाजात एक खोड असते. त्यातली यंत्रणा पातळी आपोआप वरखाली करते. मोठा आवाज झाला की ती दाबते. शांतता झाली की हळूहळू उचलत जाते, आणि शांततेतली सूक्ष्म खरखर वर येऊ लागते. कोणी दोन मिनिटं श्वास रोखून उभं राहिलं तर फोन जणू जास्त जोर लावून ऐकायला लागतो. बहुतेक लोक ही खरखर एडिटमध्ये पुसून टाकतात. पुसू नका. ती वाढत जाते तसा प्रेक्षकाचा जीव वर येतो. आणि त्या वर आलेल्या पातळीवर एक साधी टकटक झाली की ती फाटून येते. त्यासाठी ठो करून वाजणारा संगीताचा धक्का लागत नाही. पार्श्वसंगीत तर या प्रकारात टाकूच नका. पुराव्याच्या चित्रणाला व्हायोलिन कोण लावणार?

वाड्यात एक अख्खी रात्र फक्त आवाज गोळा करायला ठेवा, कलाकारांशिवाय. प्रत्येक खोलीचा रूम टोन, म्हणजे रिकाम्या खोलीची स्वतःची शांतता, दोन-दोन मिनिटं. आपल्याकडचे वाडे विटा-लाकडाचे कमी आणि दगडाचे जास्त. ग्वाल्हेरचा वालुकाश्म, वर दगडी फरशांची छतं, दगडी जाळ्या. तिथे आवाज लाकडी घरासारखा विरत नाही, भिंतीवरून परत येतो, आणि जाळीतून दुसऱ्या खोलीत गेला की कुठून आला ते सांगता येत नाही. ही तुमची संपत्ती आहे. दिंडीची कडी, अडसर सरकताना होणारी घासण, झोपाळ्याच्या कड्या, विहिरीवरचा गडगडा, जातं, हंड्यात पडणारा पाण्याचा थेंब, हे सगळं तिथेच, त्याच खोल्यांत रेकॉर्ड करा. इंटरनेटवरून उतरवलेली ‘दार करकरण्याची’ तीच ती फाइल वापरू नका. ती प्रत्येकाने ऐकलेली असते.

आणखी एक गोष्ट, जी फार थोडे लोक करतात. तुमचा चित्रपट बरेच जण फोनवर बघतील. फोनच्या इवल्या स्पीकरमधून खोल घुमणारे आवाज जवळजवळ येतच नाहीत. स्टुडिओतल्या मोठ्या स्पीकरवर छाती हलवणारी ‘घूं’ तिथे गायब असते. म्हणून भीतीचे महत्त्वाचे आवाज मधल्या पट्ट्यात ठेवा: नखाची खरवड, श्वास, कुजबुज, पदराची सळसळ, काकणांचा एखादा नाद. मिक्स झाला की आधी स्वस्तातल्या फोनवर, मग इअरफोनवर, मग मोठ्या स्पीकरवर ऐका. आणि सगळा चित्रपट एकाच उंच पातळीवर नेऊ नका. यूट्यूबसारखे मंच जास्त मोठा आवाज स्वतःच खाली आणतात. त्यामुळे धक्क्याची ताकद तो किती मोठा यात राहत नाही, त्याच्या आधीची शांतता किती खोल यात राहते.

शूटिंग कधी? तुम्ही मे महिना धरला आहे, सुट्ट्या म्हणून. नको. मे महिन्यात आपल्याकडे पारा पंचेचाळीसला टेकतो, बंद वाड्यात फोन तापून आपोआप बंद पडतील, घामाने कॉलर माइक निकामी होतील, आणि रात्र जेमतेम साडेदहा तासांची. त्यात लग्नसराई, बँड आणि डीजे मध्यरात्रीपर्यंत. डिसेंबरच्या मध्यापासून संक्रांतीपर्यंतचा काळ घ्या. खरमास असतो, लग्नं नसतात, गल्ल्या लवकर निजतात. रात्र साडेतेरा तासांची. धुकं फुकट, आणि बोलताना तोंडातून निघणारी वाफसुद्धा फुकट. ज्या खोलीत कोणी नाही तिथे टॉर्चच्या झोतात वाफेचा एक छोटा ढग दिसला, तर काय होईल याची कल्पना करा. शिवाय आपल्या घरांत हाच धुंधुरमास: पहाटे उठून सूर्य उगवायच्या आत नैवेद्य दाखवायची जुनी रीत. म्हणजे पहाटे पाच वाजता एखादी आत्या काळोखात चूल पेटवायला का उठली आहे, याचं खरं कारण मिळतं. एक सांभाळा, थंडीतून उबदार खोलीत आलात की लेन्सवर दव धरतं. फोन दहा मिनिटं पिशवीतच राहू द्या.

दिवसाचे प्रसंग घेताना हवाईदलाच्या विमानांचा आवाज येणारच, महाराजपुऱ्याचा तळ शहराला लागून आहे. त्याला टाळत बसू नका. विमान गेल्यावर वाड्याची तावदानं थरथरतात, ती थरथरू द्या. पात्रांनी एकदा दचकून मग सुटकेचा निःश्वास टाकावा. पुढे रात्री तीच तावदानं थरथरतील आणि विमान नसेल. ड्रोन मात्र विसरा. तळामुळे आकाश प्रतिबंधित आहे, आणि कथेतही ड्रोनला जागा नाही.

प्रकाशाचं थोडक्यात सांगतो. जे दिवे कथेत आहेत तेच वापरा: फोनचा टॉर्च, झिरोचा बल्ब, समई, वीज गेल्यावरचा इमर्जन्सी दिवा. फारच काळोख वाटला तर शेजारच्या खोलीत एक एलईडी भिंतीकडे तोंड करून लपवा. आपली वीज 50 हर्ट्‌झची, म्हणून फोनवर सेकंदाला 25 फ्रेम आणि 1/50 शटर ठरवून टाका, नाहीतर ट्यूबलाइटखाली चित्र लुकलुकेल. फोनच्या नेहमीच्या कॅमेऱ्यात हे हाताने करता येत नसेल तर ब्लॅकमॅजिकचं मोफत कॅमेरा अ‍ॅप आहे. हे करण्याचं दुसरंही कारण आहे: फोन स्वतःच्या मर्जीने, विशेषतः अंधारात, फ्रेमचा वेग बदलत राहतो आणि मग लांब शॉटमध्ये ओठ आणि आवाज यांची फारकत होते. आधीच असं झालेलं चित्रण असेल तर हँडब्रेक या सॉफ्टवेअरमधून स्थिर वेगाची फाइल करून घ्या. एडिट दा विंची रिझॉल्व्ह या एडिटिंग सॉफ्टवेअरच्या मोफत आवृत्तीत होईल. फोर-केच्या मागे लागू नका. 1080 मध्ये तासाला साधारण चार ते आठ जीबी जागा लागते, आणि रोज रात्री दोन वेगळ्या डिस्कवर प्रत काढायची आहे. दोन्ही डिस्क एकाच पिशवीत नकोत.

कलाकारांना पूर्ण संवाद लिहून देऊ नका. प्रसंगाचा आराखडा द्या आणि प्रत्येकाला फक्त त्याचा हेतू सांगा. थोरल्याला सांगा, पेटारा तुझ्या नजरेआड होता कामा नये. धाकटीला सांगा, वाड्यातून अर्ध्या तासात बाहेर पडायचंच. दोघं समोरासमोर आले की भांडण आपोआप होईल आणि ते लिहिलेल्या भांडणापेक्षा खरं असेल. भाषा आपली ठेवा. घरात मराठी, चौकाबाहेर हिंदी, वकिलाशी बोलताना हिंदी, आईचा फोन आला की परत मराठी. वाक्याच्या मध्येच गाडी बदलते ती बदलू द्या. पुण्याची मराठी घशात अडकवू नका. आणि हे बारकाईने ठरवा की घाबरल्यावर कोण कुठल्या भाषेत ओरडतं. सगळा चित्रपट हिंदीत बोलणारा मुलगा शेवटी ‘आई गं’ म्हणाला, तर ते प्रेक्षकाच्या आत कुठेतरी लागेल.

एका गोष्टीबद्दल मी आग्रही आहे. तुमच्या टिपणात मागच्या अंधाऱ्या खोलीत आलवण नेसलेली, केशवपन केलेली म्हातारी बाई भूत म्हणून बसली आहे. आपल्या वाड्यांत अशा बायका खरोखर होत्या. दहा-बारा वर्षांच्या वयात विधवा झालेल्या, सगळं आयुष्य मागच्या दाराने काढलेल्या. त्यांचं नाव कुठल्या वाटणीपत्रात नाही. तिला केवळ दचकवायचं बाहुलं करू नका. ती हवी असेल तर तिला तिचं नाव द्या, तिचा हिस्सा कोणी खाल्ला ते शोधू द्या. वाटणीच्या कथेत याहून मोठं भय नाही. आणि जिवंत म्हाताऱ्या बाईला चेटकीण दाखवणारा प्रसंग तर पूर्ण काढून टाका. शेजारच्या राजस्थानात 2015 साली डाकीण ठरवून छळण्याविरुद्ध वेगळा कायदा करावा लागला आहे. आपण करतो त्या चित्रांचं ओझं अशाच कुणा बाईच्या डोक्यावर जाऊन बसतं.

किल्ल्यावर जाऊ नका. तो पुरातत्त्व खात्याच्या संरक्षणाखाली आहे, चित्रीकरणाला रीतसर परवानगी आणि शुल्क लागतं, आणि चोरून घेतलेला शॉट नंतर चित्रपट विकताना गळ्यात येतो. तुमच्या कथेला किल्ल्याची गरजही नाही. गच्चीवरून लांब दिसला तरी पुरे. वाड्यासाठी मात्र सगळ्या हिस्सेदारांची लेखी संमती घ्या, एकट्या मामाची नको. दावा चालू असलेल्या मालमत्तेत हा सर्वांत मोठा धोका आहे. तुमचा खरा दावा, खरी नावं, खरी कागदपत्रं कथेत वापरू नका. वकिलाला विचारा, आणि त्यांनी नको म्हटलं तर दुसऱ्या कुणाचा वाडा बघा. पोलीस ठाण्यात लेखी कळवा आणि शेजाऱ्यांना घरोघरी जाऊन सांगा की अमुक रात्री किंकाळ्या ऐकू येतील.

दिवसा एखाद्या जाणत्या गवंड्याला घेऊन वाडा फिरा. कुठली तुळई कुजली आहे, कुठला सज्जा माणसाचं वजन घेणार नाही, ते खडूने खूण करून ठेवा. विहिरीवर लोखंडी जाळी टाका. शूटिंगच्या वेळी एक माणूस असा हवा की त्याला अभिनय नाही, कॅमेरा नाही. त्याच्या हातात मोठा दिवा आणि प्रथमोपचाराची पेटी. एक शब्द ठरवा, तो उच्चारला की सगळे दिवे लागतात. कलाकारांना उपाशी ठेवणं, न सांगता खरोखर घाबरवणं, हे प्रकार करू नका. ब्लेअर विचमध्ये जेवण कमी करत नेलं होतं, हे मोठ्या कौतुकाने सांगितलं जातं. त्याच कलाकारांची खरी नावं पात्रांना दिली होती, आणि त्या तिघांना 2024 मध्येही आपल्या मोबदल्यासाठी जाहीर पत्र लिहावं लागलं, हे त्यासोबत सांगितलं जात नाही. पात्रांना वेगळी नावं द्या. चित्रपटाला पैसे मिळाले तर कोणाला किती, हे आजच चौघांत आणि कलाकारांशी कागदावर लिहा, मैत्री कितीही जुनी असली तरी.

पैशांचं माझ्या मते असं करा: जेवण, चहा आणि जाण्यायेण्याला चाळीस हजार, कलाकारांच्या मानधनाला चाळीस, आवाजाच्या साधनांना भाड्यासकट बत्तीस, शेवटच्या साउंड मिक्सला चाळीस, दोन डिस्क आणि कार्डांना तेरा, वस्तू-कपड्यांना पंधरा, आणि वीस हजार बाजूला, ज्यांना शेवटच्या रात्रीपर्यंत हात लावायचा नाही. म्हणजे निम्म्याहून जास्त पैसे आवाजावर आणि जेवण-प्रवासावर गेले. बरोबर आहे. रात्रभर थंडीत उभ्या असलेल्या माणसाला दोन वाजता गरम जेवण मिळालं नाही तर पहाटे चारचा प्रसंग मिळणार नाही.

‘सत्य घटनेवर आधारित’ लिहू नका. 1999 साली बेपत्ता मुलांचे फलक लावून कुतूहल जागवता आलं. आज तुमच्या वाड्याचा फोटो आणि ते तीन शब्द एका रात्रीत साऱ्या शहराच्या व्हॉट्सअ‍ॅपवर फिरतील. पोरं भिंतीवरून उड्या मारतील, शेजारच्या घरातल्या मुलीचं लग्न ठरताना लोक विचारतील, वाड्याची किंमत पडेल. पुराव्याचं प्रमाणपत्र सुरुवातीला ठेवा, आणि शेवटच्या श्रेयनामावलीत स्वच्छ लिहा की पात्रं, दावा आणि वाडा काल्पनिक आहेत. तिथवर प्रेक्षक घाबरलेला असेल तर त्या ओळीने त्याची भीती कमी होत नाही. चित्रपटगृहात लावायचा असेल तर सेन्सॉरचं प्रमाणपत्र लागेल. 2023 च्या दुरुस्तीनंतर यूए (मुलांनी पालकांच्या मार्गदर्शनाखाली बघायच्या) वर्गात 7, 13 आणि 16 अशा वयाच्या पायऱ्या झाल्या आहेत, आणि रक्तपात नसलेल्या अशा चित्रपटाने यूए 16 चा विचार करूनच एडिट करावा.

शेवटी वेळापत्रक. नोव्हेंबरमध्ये, थंडी नीट पडायच्या आधी, वाड्यात फक्त दहा मिनिटांची चाचणी करा: दिंडीतून आत, चौक, जिना, सज्जा, कोनाड्यातली समई, आणि परत तिथेच. एकच चकवा, एकच फोन, दोन कलाकार. ती एडिट करून, आवाज बसवून, ज्यांना कथा ठाऊक नाही अशा पाच-सहा जणांना काळोख्या खोलीत दाखवा आणि तुम्ही पडद्याकडे पाहू नका, त्यांच्याकडे पाहा. दुसऱ्यांदा समई दिसल्यावर कोणी पुढे झुकलं तर डिसेंबरच्या तारखा पक्क्या करा. कोणी झुकलं नाही तर तो बोळातला कट आणि त्याच्या आधीची शांतता पुन्हा बांधा, आणि ती चाचणी जमेपर्यंत बाकीच्या पैशाला हात लावू नका.